‘काय हशील’पासून ‘खलास’पर्यंत

तासगावातल्या एका बेदाण्याच्या पॅकिंग शेडमध्ये मध्यंतरी जाणं झालं. दुबईला जायच्या अर्ध्या किलोच्या पाकिटांवर पट्ट्या चिकटवायचं काम चालू होतं. आखाती देशांत पाकीटबंद खाद्यमाल विकायचा तर त्यावर अरबी मजकूर लागतोच. मला ती अक्षरं जेमतेम लागतात, तरी उजवीकडून डावीकडे बोट ठेवत वाचत गेलो. ‘तारीख अल्-इंताज’, म्हणजे माल तयार झाल्याची तारीख. खाली ‘तारीख अल्-इंतिहा’, मुदत संपायची. त्याखाली ‘अल्-वज़्न अस्-साफी’, निव्वळ वजन. शेजारी पट्ट्या लावत बसलेल्या मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, “तारीख, वजन, साफ... मग हे आपलंच हाय की!”

मावशींचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे टिपण.

हे शब्द आपल्या भागात अरबांनी आणले नाहीत. अरब व्यापारी कोकणच्या बंदरांत फार आधीपासून येत होते. अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला येऊन गेला. आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो त्यातला मोसम अरबी ‘मौसिम’चाच. पण घाटावरच्या मराठीत अरबी शिरली ती फारसीचं बोट धरून, आणि बाजारापेक्षा कचेरीतून जास्त. १३४७ पासून बहमनी, पुढे १४९० पासून विजापूरची आदिलशाही. वाई, मिरज, कऱ्हाड हा सगळा मुलूख तिच्या अमलाखाली. वाईचा सुभा अफजलखानाकडे होता हे शाळेतच वाचलेलं असतं. दरबाराची भाषा फारसी, पण गावचा हिशोब लिहिणारा कुलकर्णी मराठी. तो मोडीत लिहायचा, वाक्य मराठी घालायचा आणि शब्द सरकारचे वापरायचा: जमा, वसूल, बाकी, हक्क, इनाम, वारस, मिरास, कब्जा, जामीन. फारसीने हे शब्द अरबीतून आधीच उचललेले होते. आपल्याकडे आले तेव्हा ते दोनदा वापरून मऊ झाले होते.

अरबीची गंमत तिच्या धातूंमध्ये आहे. बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात, आणि स्वर बदलत, आगेमागे अक्षरं जोडत त्यांतून नवे शब्द पाडले जातात. ‘ह-स-ल’ घ्या. मिळणं, हाती येणं असा अर्थ. त्यातून ‘हासिल’, म्हणजे हाती आलेलं. आपली आजी म्हणते ‘बोलून काय हशील’, तो हाच. त्यातून ‘तहसील’, म्हणजे गोळा करणं. त्यातून ‘महसूल’, म्हणजे गोळा झालेलं. तहसीलदार महसूल गोळा करतो आणि त्याच्या कचेरीत चार खेपा घालून आपल्याला काही हशील होत नाही, या एका वाक्यात धातूची तीन रूपं आली. वारस आणि मिरास हेही असेच एका घरचे. आणि तालीम! सांगली-साताऱ्याकडे तालीम म्हटलं की तांबडी माती, लंगोट आणि वस्ताद. अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिकवणं, ज्ञान या अर्थाच्या ‘इल्म’चा सख्खा भाऊ. दुबईत शाळेच्या पाटीवर हा शब्द दिसला की आपला माणूस आखाडा शोधायला लागेल.

सगळ्यात जुनी अरबी मात्र आपल्या ट्रंकांत आहे. आमच्या घरी इनामाच्या जमिनीचा एक मोडी कागद आहे. वरच्या ओळीत लिहिलंय: ‘सीत तिसैन मया व अलफ’, आणि तारखेच्या जागी ‘छ ७ रजब’. लहानपणी मला हा मंत्रच वाटायचा. हा शुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसालही म्हणतात. आकडे लिहायचे नाहीत, अरबी संख्यांची नावं लिहायची, आणि तीही एककापासून वर चढत: सीत म्हणजे सहा, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९६. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या महिन्याचा दिवस. हा सन चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास सुरू झाल्याचं मानतात. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ते दरसाल अकरा दिवस मागे सरकतं. शेतसारा मागायला ते उपयोगाचं नाही. म्हणून सूर्य मृगात शिरला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, साल बदलायचं. पेरणीची वेळ तीच. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली रजब जानेवारीत पडतो, म्हणून आमचा कागद जानेवारी १७९६ चा. पानिपतचं साल याच हिशेबाने ‘इहिदे सितैन मया व अलफ’, ११६१.

पेशवाईचं दफ्तर म्हणजे या भाषेचा डोंगर. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणिसांचं दफ्तर होतं. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे कागद वाचून छापले. साताऱ्यात द. ब. पारसनिसांनी आयुष्यभर कागद जमवले, आणि पारसनीस या आडनावाचा अर्थच मुळी फारसी पत्रं लिहिणारा. आज मोडी शिकवण्याचे वर्ग जागोजागी निघतात, उत्साही मुलं येतात, अक्षरं लावतात आणि नेमकी ‘सलास समानीन’ला येऊन अडतात. माझ्या मते या भागातल्या माणसाने अरबी शिकण्याचा पहिला फायदा हा आहे. नोकरीचा त्यानंतर.

या शब्दांचा कंटाळा काही आजचा नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. तरी शुहूर सन आणि हे शब्द मराठ्यांच्या पत्रांतून गेले नाहीत. १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला मोगलांनी घेतला आणि शहजादा आझमच्या नावाने त्याचं ‘आझमतारा’ केलं. आज तो अजिंक्यतारा आहे. पण १८४८ मध्ये डलहौसीने सातारचं राज्य गिळलं, त्याला आपण काय म्हणतो? राज्य ‘खालसा’ झालं. ‘खालिस’, म्हणजे शुद्ध, निर्भेळ. इथे, निव्वळ सरकारचं. याच धातूतून ‘खुलासा’ आणि याच धातूतून ‘खलास’. आखातात बांधकामावर, टॅक्सीत, दुकानात दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द हाच: खलास, झालं, संपलं. आपला माणूस विमानतळावरून बाहेर पडतो तेव्हा हा एक शब्द तरी त्याला येत असतो.

१९७३ साल दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी तेलाचे भाव भडकले आणि आखातात कामाला माणसं हवी झाली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने अरबीला कामकाजाची सहावी भाषा म्हणून जागा दिली. २०१२ पासून तो दिवस अरबी भाषा दिन म्हणून पाळतात. आज आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी अरबी शिकून घेतलेली नाही, कारण साइटवर हिंदी-उर्दूवर भागतं. तेव्हा ‘अरबी शिका, दुबई गाठा’ असं कुणी सांगत असेल तर जरा सबुरीने घ्यावं. विट्याकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरले, तमिळ-मल्याळम दुकानाच्या फळीवर बसून शिकले. त्यांनी कुठला क्लास लावला होता?

फरक पडतो तो साइटवरून टेबलावर आल्यावर. करार, पत्रव्यवहार, कोर्टकचेरी अरबीत चालते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ओमान, येमेन, इराकचे रुग्ण येतात, तिथे दुभाषी लागतात. परराष्ट्र सेवेतल्या काही अधिकाऱ्यांना अरबी नेमून दिली जाते आणि ती शिकायला कैरोला पाठवतात. सांगलीपुरतं बोलायचं तर हळद, बेदाणा, द्राक्ष. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. हळदीला अरबीत ‘कुर्कुम’ म्हणतात; वनस्पतिशास्त्रातलं हळदीचं नाव कुर्कुमा आणि भाव ठरवताना ज्याची टक्केवारी काढतात ते कुर्क्युमिन, दोन्ही त्यातूनच आलेली. बेदाणा हा शब्द मात्र तिथे चालत नाही. तो फारसी, ‘बे-दाना’, बिनबियांचा. अरब त्याला ‘ज़बीब’ म्हणतो.

आता मावशींचं उरलेलं अर्ध. ओळखीचे शब्द फसवतात. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, विचित्र; पैसे नसलेला तो ‘फकीर’. ‘रजा’ ही सुट्टी नव्हे, ती संमती. ‘रक्कम’ म्हणजे नुसता आकडा, पैशाशी संबंध असेलच असं नाही. उच्चार तर आपण पार सपाट करून टाकलेत: हिशोबातला ‘ह’ आणि हवेतला ‘ह’ तिकडे वेगळे, कायद्यातला ‘क’ आणि किताबातला ‘क’ वेगळे. घशातून काढायचा ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि साधा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, एवढ्यावर काय ते समजा. शिवाय पुस्तकातली अरबी, जिला फुस्हा म्हणतात, ती घरी कोणी बोलत नाही. कैरोची बोली वेगळी, मस्कतची वेगळी. आपल्याकडच्या मदरशांत मुलं कुराण अचूक उच्चारांनी वाचायला शिकतात आणि त्यामुळे कान-जीभ तयार असते, पण त्यांतल्या अनेकांना अर्थ वेगळा शिकावा लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी अरबीला धरलेला वेळ २२०० तासांचा आहे. रोज तासभर धरला तर सहा वर्षं. शब्द ओळखीचे असल्यामुळे आपले थोडे वाचतील, फार नाहीत.

तासगावच्या त्या शेडचे मालक एवढ्या खोलात शिरलेले नाहीत. त्यांना एकदा ठेच लागली. छापखान्याने अरबी मजकूर उजवी-डावीकडची दिशा न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. सगळी अक्षरं सुटी आणि उलटी छापून आली. अरबी अक्षरं शब्दात एकमेकांना जोडली जातात, जागेनुसार रूप बदलतात, आणि अलिफ, रे अशी सहा अक्षरं पुढच्याचा हात धरत नाहीत. पट्ट्यांचा गठ्ठा रद्दीत गेला. तेव्हापासून पॅकिंगवरचा पोरगा नवी पट्टी आली की फक्त ‘तारीख’ शोधतो. अक्षरं पाच, पण नीट छापली तर तुकडे तीनच दिसतात. तो बोटाने मोजतो. तीन भरले तर पट्टी मावशींकडे, पाच भरले तर माघारी छापखान्यात.