अंगणातला छोटा कुत्रा आणि वरून येणारा पंजा

अंगणावरून मोठ्या पक्ष्याची सावली सरकली की छोटा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: हा आपल्या कुत्र्याला उचलून तर नेणार नाही ना? बहुतेक वेळा याचं खरं उत्तर 'नाही' असंच आहे. पण हे उत्तर ऐकून लोक निर्धास्त होतात, आणि मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची. कारण धोका उचलून नेण्यात नाहीच, तो पंजात आहे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. घार भरते जेमतेम पाऊण-एक किलो. अमेरिकेत सगळीकडे दिसणारा रेड-टेल्ड हॉक हा शिकारी पक्षी ०.७ ते १.५ किलोचा. ग्रेट हॉर्न्ड आउल हे मोठं घुबड साधारण १ ते २ किलोचं, आणि गोल्डन ईगलसारखा भलामोठा गरुडसुद्धा ३ ते साडेसहा किलोच्या दरम्यान. दुसरीकडे चिवावा दीड ते तीन किलोचा आणि यॉर्कशायर टेरिअर तीनच्या आसपास. शिकारी पक्षी आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंतचं ओझं बऱ्यापैकी वाहून नेतात. स्वतःइतकं वजन घेऊन सपाट जमिनीवरून उडणं त्यांना फार जड जातं. त्यात पक्षी जितका मोठा, तितकी उडण्यापलीकडे उरणारी ताकद कमी, कारण वजन वाढतं त्या प्रमाणात स्नायूंची शक्ती वाढत नाही. २०१२ मध्ये गरुड बागेतल्या लहान मुलाला उचलतो असा एक व्हिडिओ जगभर फिरला होता. तो मॉन्ट्रियलमधल्या विद्यार्थ्यांनी संगणकावर तयार केलेला निघाला. म्हणजे दीड किलोच्या आतलं पिल्लू सोडलं, तर कुत्रा आकाशात नेला जाण्याची शक्यता अगदी थोडी.

मारायला मात्र उचलावं लागत नाही. आफ्रिकेतला क्राउन्ड ईगल जेमतेम तीन-चार किलोचा, पण तो आपल्यापेक्षा कितीतरी जड हरणं जमिनीवरच मारतो आणि तिथेच त्यांचे तुकडे करतो. दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे १९२४ मध्ये आदिमानवाच्या एका बालकाची कवटी सापडली. ते बालक बिबट्याचं नव्हे, तर अशाच एखाद्या गरुडाचं भक्ष्य असावं, असं ली बर्गर आणि रॉन क्लार्क या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं. पुढे त्या कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत ओरखडे आणि भोकं दिसली, आणि आज गरुडांनी मारलेल्या माकडांच्या कवट्यांवर असतात तशाच या खुणा होत्या. तेव्हा 'आमचा पाच किलोचा आहे, त्याला काय होतंय' या म्हणण्यात फारसा दम नाही.

पंजा जवळून पाहिला की हे नीट कळतं. पुढे तीन बोटं, मागे एक. मागच्या बोटाची नखी सहसा सगळ्यांत मोठी, गोल्डन ईगलमध्ये तर जवळपास पाच सेंटिमीटर. बोटाच्या खालून जाणाऱ्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) बारीक कठीण उंचवटे असतात आणि तिच्या भोवतीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला आडव्या कडा. बोटं वळली की हे एकमेकांत अडकतात, केबल टायचे दाते अडकावेत तसे. त्यानंतर पकड टिकवायला पक्ष्याला जवळजवळ जोरच लावावा लागत नाही. भक्ष्य धडपडलं की पंजा आणखी आवळला जातो आणि नख्या आत रुततात.

पण प्रत्येक मोठा पक्षी शिकारी नसतो. गिधाडांचे पाय कमकुवत आणि नख्या बोथट, त्यांना जिवंत प्राणी धरता येत नाही. मासेमारी करणारा ऑस्प्रे कुत्र्याकडे ढुंकूनही पाहत नाही. घार मुख्यतः मेलेलं, टाकलेलं आणि लहानसहान खाते. तिची भीती अगदी छोट्या पिल्लांपुरती. खरी नजर ठेवायची ती मोठ्या हॉकवर, गरुडांवर आणि रात्री मोठ्या घुबडांवर. हॉक आणि गरुड दिवसा शिकार करतात, घुबडांचा वेळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. झोपायच्या आधी कुत्र्याला दोन मिनिटं बाहेर सोडलं जातं, ती नेमकी घुबडाची वेळ. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला झालर आणि वर मखमली थर, त्यामुळे ते येतं तेव्हा कानाला काहीच कळत नाही.

हॉक बहुतेकदा आभाळातून कोसळत नाही. तो कोरड्या फांदीवर, खांबावर किंवा छताच्या कडेवर बसून राहतो आणि मोकळ्या जागेवर टेहळणी करतो. संधी दिसली की उतरत्या मार्गाने घसरत येतो. बागेच्या बंदोबस्ताचा विचार म्हणूनच जमिनीवरून नव्हे, त्या फांदीवरून करायचा. तिथे बसलेल्या पक्ष्याला काय दिसतं? मधोमध कापलेली हिरवळ, एकटा कुत्रा, आणि दोघांमध्ये काही नाही. हा मार्ग तोडायचा. झुडपांचे गट, वेलींचा मांडव, मोठी छत्री, एखादं बुटकं टेबल, काहीही चालतं. कुत्र्याला दोन उड्यांत ज्याखाली जाता येईल असं काहीतरी हवं, आणि पक्ष्याला पंख पसरून उतरायला जागा मिळू नये. कुत्रा एकटा राहणारच असेल तर वरून बंद असलेलं आवार हवं. जाळी ताणून बसवा, कारण सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

सगळ्यांत खात्रीचा उपाय तुम्ही स्वतः. शिकारी पक्ष्याला जखम परवडत नाही. पंख दुखावला तर तो उपाशी मरतो. दोन-तीन मीटरवर माणूस उभा असेल तर सहसा तो झेप घ्यायचा विचारच सोडतो. अनुभव नसलेले, पहिल्याच वर्षातले भुकेले पक्षी कधीकधी भलतंच धाडस करतात, म्हणून टंचाईच्या दिवसांत जास्त जपावं. तीन-चार किलोच्या आतल्या कुत्र्याला छोट्या पट्ट्याने धरून बाहेर न्यावं, निदान तिन्हीसांजेला आणि रात्री.

बाहेर असताना कान उघडे ठेवा. शिकारी पक्षी आला की कावळे कालवा करून त्याच्या मागे लागतात. छोट्या पक्ष्यांची रीत वेगळी. ते एक बारीक, लांबट शिट्टी घालतात आणि बाग एकदम गप्प होते. सात किलोहर्ट्झच्या आसपासचा हा स्वर कुठून येतोय ते शोधणं शिकाऱ्याला अवघड जातं, असं पीटर मार्लर या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलं होतं. आपल्याला मात्र तो इशारा फुकटात मिळतो.

प्लास्टिकच्या घुबडावर पैसे घालवू नका. ते हलत नाही आणि कुणाला काही करत नाही, हे पक्ष्यांना थोड्याच दिवसांत समजतं. चकाकत्या पट्ट्यांचंही तेच. त्यापेक्षा शिकारी पक्षी तुमच्याकडे का येतो ते पाहा. दाण्याच्या भांड्याखाली सांडलेलं धान्य उंदरांना बोलावतं, आणि जमलेले छोटे पक्षी व उंदीर हॉकला. भांडं काही आठवडे काढून ठेवलं तर येणंजाणं कमी होतं. उंदरांसाठी विष मात्र टाकू नका. रक्त गोठू न देणारी ही विषं उंदराच्या शरीरातून घुबडात जातात, आणि तोच मरतुकडा उंदीर कुत्र्यानेही तोंडात धरलेला असतो.

कधीकधी झडप शिकारीसाठी नसतेच. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली की पालक पक्षी जवळून जाणाऱ्या कुणावरही, माणसाच्या डोक्यावरसुद्धा, मागून झेप घेतात. पिल्लं उडून जाईपर्यंतचे काही आठवडे बागेचा तो कोपरा सोडावा. घरट्याला हात लावू नये. शिकारी पक्ष्यांना बहुतेक देशांत कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांच्याशिवाय उंदरांची संख्या आवरत नाही.

हल्ला झालाच तर ओरडत धावत जा, बहुतेक पक्षी सोडून उडतात. अडकून राहिला तर कुत्र्याला ओढू नका, त्याने जखम फाटते. पक्ष्यावर जाड टॉवेल टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो शांत होतो. मग त्याचा पाय हळूच सरळ करा, म्हणजे कंडरा सैल पडते, आणि मागची नखी आधी सोडवा. त्यानंतर कुत्र्याला थेट पशुवैद्याकडे न्या, वरून नुसता रक्ताचा ठिपका दिसत असला तरी. केसांखालचं भोक दाण्याएवढं आणि आतली जखम फुप्फुसापर्यंत, असं होऊ शकतं. पंजावरचे जंतू खोल जाऊन दोन दिवसांनी पू धरतो. श्वास जोरात चालत असेल किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील तर एक मिनिटही थांबू नका, आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.