लोकसंख्या मनोरा

जनगणनेतील वय व लिंग यांची आकडेवारी आडव्या दंडांनी दाखविणारा आलेख. मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तळाशी अर्भके, शेंड्याला वृद्ध.

उगम : श्रेय सहसा फ्रान्सिस वॉकर यांना दिले जाते, अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवरील त्यांचा सांख्यिकीय नकाशासंग्रह १८७४ मध्ये निघाला. आडव्या दंडांची कल्पना मात्र जुनी. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये स्कॉटलंडची आयात-निर्यात अशा दंडांनी दाखविली, तीही हाती एकाच वर्षाचे आकडे असल्याने, नाइलाजाने. त्याआधी १७६५ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी थोरांची आयुष्ये आडव्या रेषांनी मांडली होती; पण त्या रेषा कालावधी दाखवितात, संख्या नव्हे. त्यामुळे दंडालेखाचा आरंभ प्लेफेअरपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

वयाचे टेंगूळ : भारतीय जनगणनेतील एकेका वर्षाचे वय घेऊन मनोरा काढला, की ३०, ३५, ४०, ४५ या वयांचे दंड शेजाऱ्यांपेक्षा लांब बाहेर येतात. जन्मतारीख ठाऊक नसली की माणूस ठोकळ आकडा सांगतो. (मराठीत चाळिशी लागते, एकेचाळिशी कुणाला लागत नाही.) ‘बाहत्तरच्या दुष्काळात मांडीवर होता’ अशा खुणांवरून प्रगणक वय काढतो. दोषाचे माप म्हणजे व्हिपल निर्देशांक : २३ ते ६२ वयाच्या एकूण माणसांचा पाचवा हिस्सा काढायचा आणि शेवटी ० वा ५ येणाऱ्या वयांची बेरीज त्याच्या किती टक्के भरते ते पाहायचे. १०० म्हणजे दोष नाही; ५०० म्हणजे सगळ्यांनीच ठोकळ वय सांगितले. पाच-पाच वर्षांचे गट केल्यास टेंगळे दिसेनाशी होतात, पण जात नाहीत. २८-२९ ची माणसे ३०-३४ मध्ये शिरलेली असतातच.

विवेचन : टेंगूळ वा खाच दिसताच जन्मदराविषयी निष्कर्ष लिहिणे ही नेहमीची चूक. जपानमध्ये ‘आगीच्या घोड्या’च्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, या समजुतीमुळे १९६६ मध्ये जन्म सुमारे १८.२ लाखांवरून १३.६ लाखांवर आले. ती खाच १९७० च्या जनगणनेत तीन-चार वर्षांच्या पायरीवर होती, २०१० मध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या. खरी खाच अशी वर चढते. ठोकळ वयाचे टेंगूळ दर खेपेला तिशी-चाळिशीवरच बसलेले असते. म्हणून किमान दोन जनगणनांचे मनोरे शेजारी ठेवावे लागतात. भारतात २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने ही तुलना बहुधा २००१ व २०११ यांवरच थांबते.