बंद गाडीतला जागा गॅस

जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दारातल्या गाड्याही त्यात बुडाल्या. अशी गाडी नुसती धुऊन-पुसून भागत नाही. सीटा निघतात, खालचं मॅटिंग निघतं, आणि आतल्या वायरिंगपर्यंत पोचायचं तर डॅशबोर्डही उतरवावा लागतो. तो उतरला की मागे दिसतो प्लॅस्टिकचा मोठा काळा डबा. त्यात ब्लोअर, हीटरची छोटी जाळी आणि गॅरेजवाले जिला ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात ती एसीची जाळी असते. त्या कॉइलचे ॲल्युमिनियमचे दोन पाइप पत्र्याची भिंत ओलांडून बॉनेटखाली जातात. डबा बाहेर येत नाही म्हटल्यावर हात त्या पाइपांच्या नटाकडे वळतो. इंजिन तर बंद आहे, मग भीती कसली?

एसी बंद केला की कॉम्प्रेसर थांबतो, पाइपांतला दाब मात्र जात नाही. जास्त दाबाची आणि कमी दाबाची अशा दोन्ही बाजू हळूहळू सारख्या होतात, एवढंच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याला ३० अंशांच्या दुपारी द्रवरूपात धरून ठेवायचं, तर पाइपांत वातावरणाच्या साडेसात पटींहून जास्त दाब हवा. टायरमध्ये आपण ३२ पीएसआयच्या आसपास हवा भरतो. इथे गाडी उभी असतानाही गेजवर त्याच्या तिप्पट आकडा दिसतो.

‘गॅस बराच उडालाय, थोडाच उरला असेल’ हा दिलासाही खोटा. घरातला सिलिंडर आठवा. महिन्याच्या पहिल्या दिवशी शेगडीची ज्योत जशी असते, तशीच संपायच्या आदल्या दिवशीही असते. आत द्रवाचा थोडा साठा आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. साठा किती आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. एसीच्या पाइपांतही हाच नियम.

नट सैल झालाच, तर अर्धा किलो द्रवाचा बघता बघता सुमारे १२० लिटर वायू होतो. बाष्प व्हायला लागणारी उष्णता तो समोर मिळेल तिथून घेतो, मग ते बोट असो वा डोळा. म्हणून चष्मा आणि हातमोजे. हा वायू हवेपेक्षा साडेतीनपट जड असल्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात साचतो आणि तिथली हवा बाहेर ढकलतो. जवळ वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. शिवाय पृथ्वीला तापवण्याच्या बाबतीत हा गॅस, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो. अर्धा किलो हवेत सोडणं म्हणजे साधारण ३१० लिटर पेट्रोल जाळणं. पंधराच्या ॲव्हरेजने साडेचार हजार किलोमीटर. त्यामुळे आधी रिकव्हरी मशीन लावून गॅस टाकीत ओढून घ्यायचा, पाना त्यानंतर.

पण मुळात ही वेळ यावीच लागते का? बऱ्याचदा नाही. ब्लोअरची मोटर, केबिन फिल्टर, झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी यांचा गॅसच्या वाटेशी काही संबंध नाही; त्या बिनधास्त काढाव्यात. काही गाड्यांत डबा भिंतीवर तसाच ठेवून डॅशबोर्ड एकटा उतरतो. बॉनेटखाली कॉम्प्रेसर अडचण करत असेल, तर पुष्कळ वेळा पाइप न सोडता, त्याचे फक्त बोल्ट काढून तो बाजूला बांधून ठेवता येतो. माझ्या मते चांगला मेकॅनिक ओळखायचा तो इथेच: सर्किट, म्हणजे गॅसची बंद वाट, न उघडता काम कसं होईल, हे तो आधी बघतो. (एअरबॅग असेल तर त्याहीआधी बॅटरी सोडून कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं. हीटरचे पाइप काढायचे तर कूलंट थंड होऊ द्यायचं.)

सर्किट उघडावंच लागलं, तर दुसरा शत्रू बाहेरून आत येतो. कॉम्प्रेसरचं तेल ओल शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलीला तोटा नाही. हे पाणी कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठून बसू शकतं; तेल आणि गॅस यांच्या संगतीत आम्ल तयार होऊन कॉइल आतून खायला लागतं. म्हणून पाइप सुटला की त्याच क्षणी त्याचं तोंड टोपीने बंद करायचं. जोडताना ओ-रिंग, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्या, नव्या, त्याच तेलात भिजवलेल्या. सर्किट बराच वेळ उघडं राहिलं असेल तर ओल टिपणारा ड्रायरही बदलायचा.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंप लावून पाइप आतून रिकामे करायचे. पंप पाणी ओढून काढतो असं वाटतं; प्रत्यक्षात तो पाणी उकळवतो. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. महाबळेश्वरलाही पाणी शंभरच्या चार-पाच अंश आधीच उकळतं. पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरवरून, म्हणजे वातावरणाच्या नेहमीच्या दाबावरून, दाब ३२च्या खाली नेला की ३० अंशांनाच पाणी उकळून वाफ होतं, आणि ती वाफ पंप बाहेर टाकतो. पाच मिनिटांत पंप बंद करणाऱ्याने पाणी आतच ठेवलेलं असू शकतं.

शेवटी गॅस भरताना तोच सिलिंडरचा नियम पुन्हा आडवा येतो. गेजचा काटा गॅस किती हे सांगत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि त्याचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ते वाचून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवणाऱ्याच्या हाती गाडी द्यावी.