वाघीण कोणत्या सालची? मालडब्यांच्या अचूक मॉडेलमागची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जुन्या बॉक्सकारच्या, म्हणजे बंद वाघिणीच्या, कडेला डाव्या हाताला कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर रंगवलेला असतो. त्याखाली बारीक अक्षरांच्या तीन-चार ओळी असतात. त्यांत किती माल भरायचा, रिकाम्या वाघिणीचं वजन किती हे लिहिलेलं असतं, आणि त्या वजनाशेजारी महिना व साल. वाघीण कारखान्यातून नुकतीच बाहेर पडली असेल तर तिथे 'न्यू' हा शब्द असे. काही वर्षांनी तिचं पुन्हा वजन होई. तेव्हा जुन्या आकड्यांवर रंगाचा पट्टा ओढून नवं वजन, नवी तारीख आणि जिथे वजन झालं त्या जागेची खूण लिहीत. ताज्या रंगाचा तो चौकोन मळक्या अंगावर लांबूनही उठून दिसे.

छोट्या मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सुमारे सत्त्याऐंशीव्या हिश्शात, ही अक्षरं मिलिमीटरभरही उंच नसतात. तरी १९५० सालची मालगाडी मांडणारा हौशी माणूस १९४७च्या वाघिणीवरचा 'न्यू' खरवडतो, त्या जागी छोटासा ताजा चौकोन रंगवतो आणि भिंगाखाली नवी तारीख चिकटवतो. बाहेरच्याला हा निव्वळ हट्ट वाटेल. मला मात्र त्यात या छंदाचा सगळा प्रवास दिसतो. सुरुवातीला अचूक वाघीण म्हणजे रुळावरून न घसरणारी. पुढे अचूक म्हणजे अमुक कंपनीच्या वाघिणीसारखी दिसणारी. आणि आता अचूक म्हणजे अमुक नंबरची वाघीण अमुक महिन्यात जशी होती तशी.

याचं मूळ खऱ्या रेल्वेच्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेत शेकडो खासगी रेल्वे कंपन्या होत्या. रूळ ज्याचे त्याचे, वाघिणी मात्र सगळ्यांच्या रुळांवर फिरत. लांबचा माल पोहोचेपर्यंत वाटेत दोन-तीन कंपन्या बदलत, आणि दर वेळी माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरणं परवडणारं नव्हतं. म्हणून भरलेली वाघीणच पुढच्या कंपनीच्या हवाली होई, आणि ती जितके दिवस राहील तितक्या दिवसांचं भाडं मूळ मालकाला मिळे. हे जमायचं तर चाकं, ब्रेक आणि डबे एकमेकांना जोडणारे कपलर सगळीकडे जुळायला हवेत. १८६७मध्ये मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन उभी राहिली ती याच गरजेतून. त्या काळी डबे कडी आणि खिळ्याने जोडत. दोन डब्यांच्या मधे उभं राहून खिळा घालताना किती ब्रेकमननी बोटं आणि प्राण गमावले! इलाय जेनीने बंद मुठीसारख्या कपलरचं पेटंट १८७३मध्ये घेतलं, पण तसे आपोआप जुळणारे कपलर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे व्हायला १८९३चा कायदा यावा लागला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे वीस लाख वाघिणी अशा देशभर भटकत होत्या. त्यामुळे आयोवातल्या एखाद्या आडगावच्या स्टेशनाचं मॉडेल करायचं तर इंजिनं एकाच कंपनीची पुरतात, वाघिणी मात्र अर्ध्या देशाच्या लागतात. त्यातही भेद आहे. कोळशाचे हॉपर, म्हणजे वरून उघड्या वाघिणी, रिकामे होऊन पुन्हा आपल्याच खाणीकडे परततात, म्हणून ते बहुतेक घरच्याच कंपनीचे असतात. बॉक्सकार कुठेही जाते. मग एखाद्या गाडीत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या बॉक्सकार किती आणि एखाद्या चिमुकल्या कंपनीच्या किती, हा प्रश्न थेट देशभरातल्या ताफ्याच्या हिशोबाशी जाऊन भिडतो. देखणी म्हणून दुर्मीळ वाघीण प्रत्येक गाडीत लावणं हीही चूकच धरली जाते, आणि माझ्या मते बरोबर धरली जाते.

वरवर पाहता या वाघिणी एकसारख्या होत्या. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७मध्ये, सरकारने रेल्वेचा कारभार हाती घेतला आणि ठरावीक नमुन्यांवर एक लाख वाघिणी बांधण्याचे आदेश काढले. १९२४पासून पेनसिल्व्हेनियाची एक्स-२९ ही पोलादी बॉक्सकार हजारोंनी निघाली. १९३७मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सचा नवा, उंच नमुना आला. १९४७पासून पुलमन-स्टँडर्ड कंपनीने पीएस-१ आणली आणि तिचे एक लाखाहून अधिक नग बांधले. पण नमुना एक असला तरी प्रत्येक कंपनी आपल्या पसंतीचे भाग मागवी. टोकाच्या भिंतीवरच्या पन्हळी वेगळ्या, छताचे पत्रे आयताकृती की तिरप्या घड्यांचे, दरवाजा यंगस्टाउन कंपनीचा की सुपीरियरचा, हातब्रेकचं चाक कोणत्या बनावटीचं. एकाच कंपनीने एकाच वर्षी मागवलेल्या दोन तुकड्यांतही फरक सापडतात.

त्यात काळाची भर. १९३३पासून नव्या वाघिणींना एबी जातीचे ब्रेक आले, तरी जुने 'के' जातीचे ब्रेक १९५३पर्यंत चालत राहिले. छतावर मधोमध लाकडी फळ्यांची पाऊलवाट असे. हवेचे ब्रेक येण्यापूर्वी ब्रेकमन तिच्यावरून धावत एकेका डब्याच्या हातब्रेकचं चाक फिरवी. पुढे ती जाळीदार पोलादाची झाली, आणि १९६६पासून नव्या बॉक्सकारवर ती बसवणंच थांबलं. म्हणून वाघिणीचं छत पाहूनही जाणकार काळाचा अंदाज बांधतो.

मॉडेलच्या जगात या तपशिलांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. १९२२मध्ये जर्मनीच्या बिंग कंपनीने जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी छोटी रेल्वे बाजारात आणली. तेव्हा रूढ असलेल्या ओ मापाच्या निम्मं, म्हणून नाव पडलं एचओ, 'हाफ ओ'. खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७.१. फूट आणि मिलिमीटर यांची ही विचित्र सोयरीक तेव्हापासून चालत आली आहे. या मापात चाळीस फुटी बॉक्सकार सुमारे १४ सेंटिमीटर लांब होते आणि रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर येतात.

तिशीच्या दशकात प्रत्येक कारखानदाराची चाकं आणि रूळ वेगळे असत. एकाची वाघीण दुसऱ्याच्या सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, हमखास घसरे. १९३५मध्ये मिलवॉकीत हौशी मंडळी आणि कारखानदार एकत्र आले आणि नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. १८६७ साली खऱ्या रेल्वेला जे करावं लागलं, तेच अडुसष्ट वर्षांनी छोट्या रेल्वेला करावं लागलं. दोन चाकांमधलं अंतर, चाकाच्या कडेची उंची, सांध्यातली फट यांची मापं ठरली. आजही ती मापं तपासायची पातळ पत्र्याची पट्टी प्रत्येकाच्या टेबलावर असते.

या सोयीसाठी रूपाची किंमत मोजावी लागली. वर्षानुवर्षं चाललेलं सर्वसाधारण एचओ चाक ०.११० इंच रुंद असतं. ८७ पटींनी मोठं केलं तर ते जवळपास २४ सेंटिमीटर होतं. खऱ्या वाघिणीचं चाक साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास. मागून पाहिलं की रोडरोलरचं चाक वाटावं. नंतर ०.०८८ इंची चाकं आली. त्याहून बारीक, अगदी मापातली चाकं वापरणारे थोडेच, कारण त्यांना रूळही तितकेच काटेकोर लागतात.

सुरुवातीच्या संचांत लाकडाचे ठोकळे, छापील पुठ्ठ्याच्या भिंती आणि ओतीव धातूची टोकं मिळत. ते जुळवण्यात संध्याकाळ नव्हे, आठवडा जाई. पन्नाशीच्या दशकात प्लास्टिक आलं आणि कॅलिफोर्नियातल्या अर्विन अ‍ॅथर्नच्या निळ्या खोक्यांनी चित्र पालटलं. स्वस्त, टिकाऊ, स्क्रूड्रायव्हर हाताशी असला की अर्ध्या तासात तयार. हजारो मुलं या खोक्यांमुळे छंदात आली, हे ऋण मोठं आहे. पण साचा महाग असल्याने एकाच साच्यातल्या बॉक्सकारला असंख्य कंपन्यांचे रंग चढले. ज्या कंपनीने तशी वाघीण कधी बांधलीच नव्हती, तिचंही नाव त्यावर. शिड्या आणि हातकड्या, म्हणजे चढताना हाताने धरायच्या सळया, भिंतीलाच चिकटलेल्या. खऱ्या हातकडीची सळई सुमारे १६ मिलिमीटर जाड, म्हणजे मॉडेलमध्ये ०.१८ मिलिमीटर हवी. तेव्हाच्या साच्यात तिच्या जागी जाड वळकटी उठे.

कपलरची गोष्ट आणखी बोलकी आहे. पन्नाशीच्या दशकात एक हुकासारखा साधा प्लास्टिक कपलर सगळ्या संचांत येऊ लागला. तो खऱ्यासारखा अजिबात दिसत नसे, पण फुकट मिळे. त्याच काळात कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी ओरेगनमध्ये केडी ही कंपनी चालवली. दोघांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. त्यांचा कपलर खऱ्याप्रमाणे मुठीचा होता, आपोआप जुळे, आणि खाली लोंबणारी पोलादी तार रुळांमधल्या लोहचुंबकावर आली की उघडे. ती वाकडी तार ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी दिसते, हा त्यातला सुंदर भाग. पेटंटची मुदत नव्वदच्या दशकाच्या शेवटी संपेपर्यंत लोक नव्या वाघिणीचा कपलर काढून केडीचा बसवत राहिले. त्यानंतर इतरांनीही मुठीचे कपलर करायला घेतले.

रूपाच्या अचूकतेची खरी लाट ऐंशीच्या दशकात आली आणि ती कागदपत्रांतून आली. 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर' या जाडजूड ग्रंथात प्रत्येक कंपनीच्या वाघिणींच्या नंबरांच्या मालिका, लांबी, उंची, दरवाजाची रुंदी आणि शिल्लक संख्या छापलेली असे. तो मूळचा भाड्याच्या हिशोबासाठी होता. मॉडेलकारांनी त्याची पोथी केली. मालगाडीचे कंडक्टर खिशातल्या वह्यांत त्या दिवशीच्या प्रत्येक वाघिणीची आद्याक्षरं, नंबर आणि माल टिपत. कुणाच्या माळ्यावर सापडलेली अशी वही म्हणजे घबाड. १९४२-४३मध्ये जॅक डेलानोने सरकारी कामासाठी शिकागोच्या रेल्वे यार्डांची छायाचित्रं काढली, त्यांतली काही रंगीत. त्यांत वाघिणींच्या रांगाच्या रांगा दिसतात. कोणता तांबूस रंग किती मळायचा, याचा इतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो.

माहिती हाती आली, पण एखाद्या कंपनीच्या पाचशे वाघिणींसाठी प्लास्टिकचा साचा कोण घालणार? इथे रेझिनने वाट काढली. मूळ नमुना हाताने बनवायचा, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन ओतायचं. साचा थोड्याच ओतकामांनंतर झिजतो, पण मागणीही तेवढीच असते. वेस्टरफील्ड, सनशाइन, फनारो अँड कॅमरलेंगो यांचे संच असे निघाले. सपाट भिंती एकमेकींना काटकोनात जोडा, केसाएवढी छिद्रं पाडून तारेच्या हातकड्या ओवा, ब्रेकचे दांडे आणि नळ्या पोटाखाली बसवा. मी पहिली रेझिन वाघीण जोडली तेव्हा साच्यातला तेलकट थर नीट धुतला नव्हता, आणि वरचा रंग सालपटासारखा सुटला. पुन्हा सगळं खरवडलं. त्या वाघिणीची उजवी शिडी अजून किंचित तिरकी आहे, आणि तिच्या पोटाखालचा ब्रेकचा प्रत्येक दांडा मला नावानिशी ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात इंटरमाउंटन, रेड कबूस, केडी अशा कंपन्यांनी तीच काटेकोर नजर प्लास्टिकमध्ये आणली. पुढे चीनमध्ये बनलेल्या तयार वाघिणी आल्या, पाठोपाठ त्रिमितीय छपाई. निळ्या खोक्यांचे संच २००९मध्ये थांबले. हातकड्या ओवणारे हात यामुळे कमी झाले, याचं मला वाईट वाटतं. पण आज जी वाघीण तयार मिळते ती बनवायला पूर्वी महिना लागे, हेही तितकंच खरं.

दिसण्याइतकीच निगा महत्त्वाची, आणि तिथे पुन्हा मिलवॉकीची आठवण होते. हलकी वाघीण वळणावर आत ओढली जाऊन पडते, म्हणून असोसिएशनने वजनाचा आडाखा दिला: एचओमध्ये मूळ एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी बॉक्सकारचं वजन त्यानुसार शंभर ग्रॅमच्या थोडं वर जातं. वाघिणीखालच्या दोन बोग्यांपैकी, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांपैकी, एकीचा स्क्रू इतका घट्ट करायचा की ती फक्त वळेल, दुसरीचा सैल, म्हणजे ती डुलूही शकेल. तीन पायांचं स्टूल जसं खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, तशी वाघीण मग रुळांचा उंचसखलपणा पचवते. सुईसारख्या टोकांच्या आसांवर धातूची चाकं बसवली की ती बोटाच्या धक्क्याने पळते. प्लास्टिकच्या चाकांवर काळा चिकट थर जमतो तो वेळोवेळी पुसावा लागतो, आणि कपलरची उंची मापावर तपासून तार रुळाला अडकत नाही ना हे पाहावं लागतं. जुन्या ओतीव धातूच्या भागांत शिसं मिसळलं गेलं असेल तर ते आतून भुगा होत जातात, त्यावर इलाज नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं: वाघिणीच्या पोटातल्या पोलादी वजनपट्टीला गंज चढतो. मी त्या काढून, घासून, रंगवून परत बसवतो.

महाराष्ट्रात या छंदाची सार्वजनिक ओळख म्हणजे पुण्यातलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय, १९९८मध्ये सुरू झालेलं. आपल्या वाघिणींचं मॉडेल करू पाहणाऱ्याला मात्र पहिला अडथळा रुळांचाच येतो. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर. १:८७च्या हिशोबाने हे अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर होतं, आणि बाजारातले रूळ साडेसोळाचे. वरची बीसीएन, म्हणजे भारतीय रेल्वेची बंद वाघीण, मापात ठेवली तर खालच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ तीन मिलिमीटर कमी पडतं; चाकं मापात घेतली तर रूळ, सांधे, आस सगळं घरी घडवावं लागतं. माझ्या टेबलावरची बीसीएन सध्या साडेसोळाच्या रुळांवर उभी आहे. शेजारी सव्वाएकोणीसच्या मापाने कापलेले चार आस ठेवले आहेत.