छापायलाही नकार : आयर्लंडच्या सिनेटमधल्या एका विधेयकाची पार्श्वभूमी

आयर्लंडमधल्या संततिनियमनाच्या कायद्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९७९ च्या कायद्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती ७ जुलै १९७१ पासून करायला हवी. त्या दिवशी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मेरी रॉबिन्सन या २७ वर्षांच्या सदस्येचं संततिनियमनावरचं विधेयक २५ विरुद्ध १४ मतांनी अडवलं गेलं. ते फेटाळलं असंही धड म्हणता येत नाही, कारण फेटाळायचं तर विधेयक आधी सभागृहापुढे यावं लागतं. हे छापलंच गेलं नाही.

त्याआधीचं थोडक्यात. १९२९ च्या सेन्सॉरशिप कायद्याने गर्भधारणा टाळण्याचा पुरस्कार करणारं काहीही छापणं आणि विकणं गुन्हा ठरवलं. १९३५ च्या फौजदारी कायद्याच्या कलम १७ ने गर्भनिरोधक साधनांची विक्री आणि विक्रीसाठीची आयात बंद केली. म्हणजे आधी शब्दावर बंदी आली आणि सहा वर्षांनी वस्तूवर. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. साधन वापरणं मात्र कधीच गुन्हा नव्हतं. ज्याला ते मिळेल त्याने ते खुशाल वापरावं. फक्त मिळायला नको, एवढीच कायद्याची तजवीज होती.

साठच्या दशकात संततिनियमनाची गोळी आली आणि त्या तजविजीला फट पडली. गर्भनिरोधक म्हणून ती विकता येत नव्हती, पण पाळी नियमित करणारं औषध म्हणून डॉक्टर ती लिहून देऊ शकत होते. तशी ती हजारो बायकांना दिली जात होती. डॉक्टरला कारण माहीत, बाईला माहीत, औषधाच्या दुकानदारालाही माहीत. चिठ्ठीवर मात्र पाळीची तक्रार. ज्यांना गोळी सोसत नव्हती किंवा ज्यांचा डॉक्टर लिहून द्यायला तयार नव्हता, त्यांना दुसरी वाट नव्हती. सीमेपलीकडे, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला हीच साधनं उघड विकली जात होती.

हा विषय सिनेटमध्ये कुणी काढावा, याचंही एक गणित होतं. साठ जणांच्या त्या सभागृहात सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या आहेत. आपल्या विधान परिषदेतले पदवीधर मतदारसंघ ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे लगेच कळेल. रॉबिन्सन १९६९ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या जागेवरून निवडून आल्या. त्यांचे मतदार टपालाने मत पाठवणारे पदवीधर होते. गावच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रवचनात उमेदवाराचं नाव निघालं, की मतं आटायची, ही इतर राजकारण्यांची धास्ती त्यांना तितकीशी नव्हती. त्या स्वतः कॅथलिक होत्या आणि ट्रिनिटी हे जुनं प्रोटेस्टंट विद्यापीठ. बिशपांच्या परवानगीशिवाय कॅथलिकांनी तिथे शिकू नये हा दंडक १९७० पर्यंत होता. अशा दोन घरांच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीने हे विधेयक आणलं, हा मला योगायोग वाटत नाही.

विधेयक मागत तरी काय होतं? विक्री आणि आयातीवरची बंदी काढा, आणि या विषयावरची माहिती छापायला मोकळीक द्या. आणखी दोन सिनेटरांच्या सह्या त्याखाली होत्या, आणि तेही विद्यापीठांच्याच जागांवरचे.

आता त्या मतदानाकडे. खासगी सदस्याचं विधेयक मांडण्यासाठी सभागृहाची अनुमती लागते, आणि हा पहिला टप्पा. अनुमती मिळाली की विधेयक छापून सदस्यांना वाटलं जातं, मग दुसऱ्या टप्प्यात त्याच्या तत्त्वावर चर्चा होते. पहिली अनुमती हा सहसा निव्वळ उपचार असतो. विधेयक कितीही नावडतं असलं तरी ते वाचून मग पाडावं, असा साधा संकेत. इथे तो मोडला. विधेयक वसंत ऋतूपासून कामकाजाच्या यादीत पडून होतं, सत्रामागून सत्र पुढे ढकललं जात होतं, आणि जुलैत अखेर मतदान झालं तेव्हा अनुमतीच नाकारली गेली.

नकाराची बाजू मांडणाऱ्यांकडे कारणं होती आणि ती सांगायला हवीत. इतक्या नाजूक विषयावर कायदा आणायचा तर तो सरकारने आणावा, एकट्यादुकट्या सदस्याने नव्हे. सरकार विचार करत आहे, तोवर थांबावं. एरवी या युक्तिवादात वजन असतं. पण सरकारने तोवर मसुदा दाखवला नव्हता आणि तारीखही सांगितली नव्हती. शिवाय तत्त्वाला विरोध असेल तर दुसरा टप्पा त्याचसाठी असतो. अनुमती नाकारल्याचा परिणाम एकच झाला : ज्या देशात १९२९ पासून या विषयावर छापायला बंदी होती, तिथे त्या बंदीविरुद्धचं विधेयकही छापता आलं नाही. सदस्यांनी मत दिलं ते न वाचलेल्या कागदावर. हा निर्णय तांत्रिक होता असं म्हणणारे आजही आहेत. मला तो त्या कायद्याचाच विस्तार वाटतो. पुढच्या वर्षी कनिष्ठ सभागृहातही अशाच विधेयकाला पहिल्याच पायरीवर अडवलं गेलं.

इथे मुंबई आठवते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा प्रचार आणि सोयी सरकारने कराव्यात असा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांच्या सहकाऱ्याने तो मांडला. ११ विरुद्ध ५२ मतांनी ठराव पडला. र. धों. कर्वे यांच्यावर खटले झाले होते, समाज काही फार पुढारलेला नव्हता. तरीही ठराव मांडला गेला, बोललं गेलं, आणि ते भाषण आज वाचायला मिळतं. हरलेला शब्दही दप्तरी राहिला, की पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते.

डब्लिनमध्ये तो शब्द सभागृहाबाहेर गाजत होता. मार्च १९७१ मध्ये आर्चबिशपांचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं गेलं : असा कायदा म्हणजे देशाला लागलेला शाप. रॉबिन्सन यांच्याकडे शिव्याशापांची पत्रं येऊ लागली. २२ मे रोजी बायकांचा एक गट तिथून साधनं आणून बंदी उघडपणे मोडायची म्हणून आगगाडीने बेलफास्टला गेला. गोळ्यांसाठी तिथेही डॉक्टरची चिठ्ठी लागते हे दुकानात गेल्यावर कळलं. मग त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली. सीमाशुल्काच्या माणसाला कुठे फरक कळणार होता? संध्याकाळी डब्लिनच्या स्टेशनवर त्यांनी ती हात उंचावून दाखवली, आणि त्यांना कुणी अटक केली नाही. विधेयक अडलं ते याच्या सहा आठवड्यांनंतर.

कोंडी फुटली ती कोर्टात. चार मुलांच्या एका आईला आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने परदेशातून मागवलेलं साधन सीमाशुल्क खात्याने जप्त केलं. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला, की नवराबायकोच्या खासगी आयुष्यात एवढी ढवळाढवळ घटनेला मंजूर नाही. आता आयात करता येत होती, पण विक्री अजून बंदच.

रॉबिन्सन यांच्या दुसऱ्या विधेयकाला मात्र पहिली अनुमती मिळाली. १९७४ मध्ये त्यावर सिनेटमध्ये खरी चर्चा झाली, मग ते पडलं. तिसराही प्रयत्न फसला. जुलै १९७४ मध्ये सरकारने स्वतःचं, फक्त विवाहितांपुरतं विधेयक आणलं, तर पंतप्रधानांनीच आपल्या सरकारच्या विरोधात मत दिलं आणि ते ६१ विरुद्ध ७५ ने कोसळलं. सरकार विचार करत आहे, या आश्वासनाचं हे झालं.

१९७९ चा कायदा शेवटी आला तो ‘प्रामाणिकपणे कुटुंबनियोजनासाठी’ अशी अट घालून. प्रामाणिक म्हणजे काय, याची व्याख्या नाही. ते डॉक्टरने ठरवायचं. निरोधसाठीसुद्धा डॉक्टरची चिठ्ठी! कायद्यात ‘विवाहित’ हा शब्द नव्हता, पण तो मनात ठेवूनच सगळं लिहिलेलं होतं. पूर्वी गोळीची चिठ्ठी पाळीच्या नावाने निघत होती, आता रबराची चिठ्ठी कुटुंबाच्या नावाने निघू लागली. १९८५ मध्ये अठरा वर्षांवरच्यांसाठी चिठ्ठी रद्द झाली, तीही ८३ विरुद्ध ८० मतांनी. त्यानंतरही डब्लिनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात निरोध विकले म्हणून एका संस्थेला दंड झाला.

याच काळात अनौरस हा कायदेशीर शिक्का मुलांच्या कपाळावरून काढावा, यासाठीही रॉबिन्सन सिनेटमध्ये बोलत राहिल्या. तो १९८७ च्या कायद्याने निघाला. वीस वर्षं सिनेटमध्ये काढून १९८९ मध्ये त्या बाहेर पडल्या.

विक्रीवरची उरलीसुरली बंधनं १९९२ आणि १९९३ च्या दुरुस्त्यांनी गेली, आणि निरोध यंत्रातून विकायलाही मुभा मिळाली. तेव्हा रॉबिन्सन देशाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या.