घटसर्पाचे विष

घटसर्प म्हणजेच डिप्थेरिया. या आजारात घशातला जिवाणू जे विष सोडतो ते एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम) आहे, आणि आजाराचा जीवघेणेपणा मुख्यतः त्याच्यातच आहे. या विषाचा जनुक जिवाणूत शिरलेल्या विषाणूकडून येतो, हे १९५१ मध्ये दिसून आले.

विषाचे दोन भाग असतात. ‘बी’ भाग पेशीला चिकटतो आणि ‘ए’ भागाला आत पोचवतो. पेशीत रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर, अमिनो आम्ले जोडून प्रथिनाची साखळी तयार होत असते. प्रत्येक अमिनो आम्ल जोडले गेले, की रायबोसोमला आरएनएवर (प्रथिनाची कृती सांगणाऱ्या धाग्यावर) एक पाऊल पुढे सरकवणारे प्रथिन म्हणजे ईईएफ-२. त्यात डिप्थामाइड नावाचे, हिस्टिडिनपासून पेशीनेच घडवलेले खास अमिनो आम्ल असते. ‘ए’ भाग पेशीतल्या एनएडी या रेणूमधला एडीपी-रायबोज हा तुकडा काढून नेमका तिथे बसवतो. ईईएफ-२ निकामी होते, प्रथिननिर्मिती थांबते, पेशी मरते. विकर या कामात खर्च होत नाही, ते पुढच्या रेणूकडे वळते. म्हणूनच ‘ए’ भागाचा एकच रेणू पेशी मारायला पुरेसा ठरतो. जिवाणूंच्या स्वतःच्या प्रथिनात डिप्थामाइड नसल्याने त्यांना मात्र इजा होत नाही.

उपचारातली घाई यातूनच येते. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये मांडलेले प्रतिविष रक्तातल्या मोकळ्या विषाला बांधते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. घशात राखाडी पडदा आणि मानेला सूज दिसली, तर तपासणीच्या अहवालासाठी थांबणे धोक्याचे. घसा बरा वाटू लागल्यावरही हृदयाला झालेली इजा पुढे डोके वर काढू शकते.

लसीत फॉर्मॅलिनने निर्विष केलेले हेच विष असते. बाळाला ती ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीमधून मिळते. पुढे १६ ते २४ महिने आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान बूस्टर असतात. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबांची मुले महिनोन्महिने फडावर राहतात आणि नेमके हे डोस हुकतात. हुकलेला डोस गावी परतेपर्यंत लांबवू नये. लसीचे कार्ड घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले की तो मोफत मिळतो. सात वर्षांपुढच्या मुलांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) देतात. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना टोचली जाणारी घटसर्पाची लस वेगळ्या जिवाणूसाठी आहे. माणसांच्या या आजाराशी तिचा संबंध नाही.