मान हालवू नको: सोहिरोबांच्या तिरकस बोलांमागे

गोव्यातल्या देवळाच्या चौकात भजन रंगात आले की कुणी ना कुणी ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ धरतोच. बसलेले सगळे माना डोलवू लागतात. आणि त्याच पदात अठराव्या शतकातले संतकवी सोहिरोबानाथ अंबिये बजावून गेले आहेत: ‘अनुभवावीण मान हालवू नको रे’. टोला कुणाला आहे, हे ओळखूनही मान थांबत नाही.

अंबियांचे मूळ गाव पेडण्यातले पालये. सोहिरोबा १७१४ साली बांद्याला जन्मले. आज मध्ये गोवा-महाराष्ट्राची सीमा आहे, तेव्हा दोन्हीकडे अंमल सावंतवाडीकरांचा. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ मध्ये, सोहिरोबांनी सत्तरी ओलांडल्यावर. घरात कुळकर्णीपण होते. सांगतात की वाडीच्या दरबाराचे बोलावणे आले म्हणून निघालेले सोहिरोबा इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसले, तेव्हा गहिनीनाथांनी पुढे येऊन गरे मागितले. निवृत्तिनाथांचे गुरू पाचशे वर्षांनी फणसासाठी हात पुढे करतात! ही आख्यायिका स्वतःच एक कूट आहे. त्यानंतर कुळकर्णीपण सुटले.

या बोलण्याचे घराणे नाथपंथाचे. सरळ सांगून कळत नाही ते उलटे सांगायचे, ही रीत तिथे जुनी. मुक्ताईची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, ती याच रीतीने. सोहिरोबांचे वेगळेपण असे की ते फार उंच उडत नाहीत. वेदान्तातला, दोरीच्या जागी भासणारा साप ते घरच्या अंधारात आणून ठेवतात: ‘दोरीच्या सापा भिउनी भवा, भेटी नाही जिवाशिवा’. साप नाहीच, पण भीती खरी, आणि त्या खऱ्या भीतीपायी भेट राहिली. वितंडवाद्याला ते म्हणतात, ‘उगीच चिखल कालवू नको रे’. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याला यावर टीप लागत नाही.

पुढे ते उत्तरेत गेले. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांसमोर ‘अवधूत नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकीरी’ म्हटल्याची कथा आहे. महादजी स्वतः पदे रचत, म्हणजे फटका राजालाही आणि कवीलाही.

‘हरिभजनावीण’ हे पद पुढे मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या गळ्यातून घराघरांत गेले. आणि दरबाराची चाकरी सोडलेल्या या माणसाच्या नावाने पेडण्यात विर्नोड्याला आज कॉलेज आहे, तेही सरकारी.